विवरातली आई

"मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, मॅडम," शलाका म्हणाली. "आवडलं तर आवडलं, वैताग आला तर वैताग. शिवी आली तरी चालेल. सगळं रेकॉर्ड होतं."

"आणि हा?" मी मागे बोट दाखवलं.

"सर बोलणार नाहीत. गेम ज्यानं बनवला त्यानं टेस्टच्या वेळी तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नाहीतर खेळणारा जरा अडला की हे लगेच 'तिकडे नको, इकडे जा' सुरू करतात. मग गेम कुठे कच्चा आहे ते कळतच नाही."

मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर माझा धाकटा भाऊ सारंग हाताची घडी घालून बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि हसला. मला ते हसू आवडलं नाही. तीन वर्षं आम्ही धड बोललो नव्हतो, आणि आता बोलावून घेतलं तेही अशा जागी, जिथं त्याला न बोलण्याची आयती सोय होती.

याला आता सहा वर्षं झाली. सारंग तेव्हा कॅनडातली मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून पुण्याला आला होता आणि बावधनला दोन खोल्यांत त्यानं स्वतःचा गेम बनवायला घेतला होता. मी मिरजेला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. त्याचा मेसेज आला, 'ताई, एकदा येऊन खेळून बघ. तुझ्याइतकं बारीक कुणी खेळत नाही.' हे खरंच होतं. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे होता. तिथं एका खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे बसायचो. माउस माझ्याकडे, बाणांची बटणं त्याच्याकडे. 'डावीकडं, डावीकडं गाढवा' असं ओरडून मी त्याला कित्येक मोहिमा पार करून दिल्या होत्या. पण मी पुण्याला गेले ती काही खेळायला नाही. मला वाटलं, हा माफी मागणार आहे. तोंडानं जमत नसेल म्हणून गेमचं निमित्त काढलंय.

गेमचं नाव होतं 'विवर'. एका गोठलेल्या ग्रहावर यान कोसळतं आणि वाचलेली मोजकी माणसं एका विवरात ठाणं बांधून राहतात. आपण म्हणजे अर्णव नावाचा इंजिनिअर. बाहेर जाऊन धातू आणि बर्फ आणायचा, आणि परत येऊन ठाण्याला एकेक खोली जोडायची. झोपायची खोली, शेवाळ पिकवायची खोली, दुरुस्तीची खोली. प्रत्येक खोलीला ऊब लागते आणि ऊब देणारी भट्टी एकच. खोल्यांचा हव्यास केला की कुणीतरी गारठून आजारी पडतं.

मी नियमाप्रमाणे बोलत होते. "ऊब नेणाऱ्या नळ्या भिंत बांधली की दिसेनाशा होतात. मग गळती शोधायची कशी? भिंत फोडून?" शलाका खटाखट टाइप करत होती. "हा शेवाळवाला माणूस किती बोलतो रे! त्याला जरा आवरा." "भट्टी मात्र झकास आहे. घुरघुरते कशी, झोपलेल्या म्हशीसारखी."

तासाभरात मी रमले, हे कबूल केलं पाहिजे. सारंगला काम येत होतं. विवराच्या काठावर सूर्य टेकला की सगळ्या ठाण्यावर निळसर उजेड यायचा आणि आतल्या खिडक्या पिवळ्या व्हायच्या. बाहेरून परत येताना त्या खिडक्या दिसल्या की मला बरं वाटायचं.

मग ठाण्यावरचा रेडिओ सुरू झाला. आधी ठक ठक, नखानं माइकवर दोनदा वाजवल्याचा आवाज. आणि मग एक बाई म्हणाली, "बोला, ठाणं बोलतंय. लाइन सोडू नका."

माझा माउसवरचा हात थांबला. आमची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. घरचा फोनसुद्धा ती आधी नखानं दोनदा वाजवून मगच उचलायची, आणि म्हणायची, 'बोला.' इथं आवाज कुणा नटीचा होता, पण थांबणं, उचलणं, 'लाइन'मधला तो लांबवलेला 'ला', सगळं आईचं होतं.

"आईला घेतलंस होय रे?" मी वळून विचारलं.

सारंगनं मान हलवली. डोळे जमिनीकडे होते. माझे डोळे भरून आले, आणि त्या क्षणी मी त्याला सगळं माफ करून टाकायला निघाले होते. इतकी मी बावळट.

गेममध्ये अर्णवची थोरली बहीणही होती, तारा. अंतराळातल्या पोशाखावरून कमरेला ओढणी खोचलेली, केसांत पेन्सिल. आल्या आल्या ती अर्णववर खेकसली, "डोकं नको खाऊ माझं, आधी ती नळी बघ."

शलाका खुदकन हसली. "मॅडम, ही तर..."

"कळलं," मी म्हणाले आणि मीही हसले.

पुढे रेडिओवरची ती बाई, म्हणजे अर्णवची आई, आजारी पडली. फुप्फुसं निकामी झाली. तिला एका उबदार कक्षात ठेवलं. तो कक्ष तिचा श्वास चालू ठेवायचा आणि भट्टीतली निम्मी ऊब एकटा गिळायचा. इथपासून मी बोलायची थांबले. शलाकानं हळूच आठवण करून दिली, "मॅडम, मोठ्यानं."

"बोलते. पुढं जाऊ दे."

भट्टी दुरुस्त करायला दूरच्या खाणीतून धातू आणायला हवा. अर्णव गाडी घेऊन निघाला. खाणीत पोचला आणि वादळ आलं. ठाण्यावरून ताराची हाक आली, "अर्णव, भट्टी अर्ध्यावर आली. आईचा कक्ष चालू ठेवला तर बाकीचे गारठतील, आणि ठेवूनही ती उठणार नाहीये. काय करू?" खाली दोन उत्तरं उमटली. 'थांब, मला विचार करू दे' आणि 'नको! मी येतोय!'

मी दुसरं निवडलं. अर्णव जिवाच्या आकांतानं ओरडला, "नको! मी येतोय!" आणि रेडिओवर नुसती खरखर आली. वादळानं लाइन तुटली. तारा दोन क्षण थांबली, मग तिनं तोंड फिरवून खटका खाली ओढला. वादळ शमल्यावर अर्णव धावत ठाण्यात शिरला, कक्षापुढे गुडघ्यांवर कोसळला आणि बहिणीला म्हणाला, "मला विचारल्याशिवाय केलंस? मला विचारल्याशिवाय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, अगदी याच सुरात.

"थांबवू का, मॅडम?" शलाकानं विचारलं. माझा चेहरा बघूनच विचारलं असणार.

"का म्हणून? मनात येईल ते बोला म्हणालीस ना? मग ऐक आता. आमच्या आईच्या तेराव्याला घर भरलं होतं. मामा, काकू, आईच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी. पंगत बसलेली, मी वाढत होते. आणि हे साहेब कॅनडातून आलेले, मामाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले आणि म्हणाले, 'मला विचारल्याशिवाय केलं सगळं. मी असतो तर आईला मशीनवरून काढू दिलं नसतं.' सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. हातात आमटीचं भांडं. तिथं तोंड उघडलं असतं तर आईच्या तेराव्याला तिच्या पोरांची जुंपली असती, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं लावला. मामा अजून माझ्या घरी पाणी पीत नाही. काकू लोकांना सांगते, पद्मजानं आईला मारलं."

शलाकाची बोटं कीबोर्डवर थिजली होती. तिनं मागे सारंगकडे पाहिलं. तो हाताची घडी आणखी घट्ट आवळून बसला होता.

"पण तुम्ही सरांना विचारलं नव्हतं का?" तिनं न राहवून विचारलं.

"विचारलं होतं की. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता उठायची नाहीत, मशीनवर ठेवायचं की घरी न्यायचं ते घरच्यांनी ठरवा. मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून याला फोन लावला."

"मग? सर काय म्हणाले?"

"ते यालाच विचार. पण याला बोलता येत नाही ना! नियम आहे!"

सारंग नियमाला धरून बसला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरायची वेळ आली की असंच होतं.

मी आधीचा सेव्ह पुन्हा लोड केला, गेम वादळाच्या आधीपासून परत सुरू झाला. वादळ, हाक. या वेळी निवडलं 'थांब, मला विचार करू दे'. लाइन तुटली. तारानं खटका ओढला. पुन्हा लोड केलं, काहीच निवडलं नाही, नुसती बघत बसले. लाइन तुटली. तारानं खटका ओढला. म्हणजे अर्णव काहीही म्हणो, त्याचा शब्द तिच्यापर्यंत पोचणारच नव्हता. तो स्वच्छ. ती मात्र प्रत्येक वेळी एकटी, न विचारता, तोंड फिरवून.

"बाई गं," मी म्हणाले, "जिनं जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या, तिच्याच मरणात हा लाइन तोडतो. सोय बघा किती छान!"

पुन्हा लोड केलं. पण या वेळी खाणीच्या वाटेवर असतानाच मी गाडी वळवली.

पडद्यावर लाल बाण लुकलुकायला लागले. 'खाणीकडे चला.' मी गेले नाही. 'खाणीकडे चला. वेळ कमी आहे.' परतीच्या वाटेला गाडीची बॅटरी पुरणार नव्हती, म्हणून मी मागचा धातू, बर्फाचे डबे, जादा नळ्या, सगळं रस्त्यात फेकून दिलं. गाडी हलकी झाली आणि चढाला लागली.

"मॅडम, खाण त्या बाजूला आहे," शलाका म्हणाली, आणि मग जीभ चावली. खेळणाऱ्याला वाट सांगायची नाही, हे ती स्वतःच विसरली होती.

"माहितेय कुठं आहे ती. आजवर कुणी परत फिरलं नाही का?"

"नाही. सगळे खाणीकडेच जातात. गोष्ट तिकडे आहे ना."

"गोष्ट घरी आहे," मी म्हणाले. "आई घरी आहे आणि बहीण तिच्यापाशी एकटी आहे. हा तिकडं दगड फोडायला चाललाय, ही गोष्ट?"

मागे स्टूल करकरलं. मी वळून पाहिलं नाही. विवराचा काठ ओलांडला, खाली ठाणं दिसायला लागलं. खिडक्या पिवळ्या होत्या. वादळ अजून लांब होतं. ताराची हाक यायला अवकाश होता. मी गाडी थेट दारापाशी नेली, उतरले, खटका दाबला. दार उघडलं.

आत खोली नव्हती. भिंत नाही, जमीन नाही, भट्टी नाही. नुसता करडा रंग. अर्णवनं पाऊल टाकलं आणि तो खाली पडायला लागला. पडतच राहिला. हातपाय हलत होते, आणि कोपऱ्यात लाल बाण अजून सांगत होता, 'खाणीकडे चला.'

"ताई," सारंग म्हणाला.

त्या दुपारी त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"तिथं काही नाहीये, ताई. अर्णव बाहेर असला की ठाणं बंद करून ठेवतो आम्ही. मशीनवर ताण येतो. बाहेरून दिसतं ते नुसतं चित्र. आणि त्या वेळी घरी परत यायचं मी... मी केलंच नव्हतं. कुणी येईल असं डोक्यातच आलं नाही."

"तुझ्या कसं येईल?"

"ताई, ही गोष्ट आहे. गोष्टीत बदल करावेच लागतात."

"आईचं नखानं वाजवणं बदललं नाहीस. माझी ओढणी, माझी पेन्सिल, 'डोकं नको खाऊ', काहीसुद्धा बदललं नाहीस. बदल करायला तुला नेमकी तीच जागा सापडली होय?" मी खुर्ची गर्रकन फिरवली. "वादळ कुठं होतं रे? लाइन कुठं तुटली होती? स्वच्छ ऐकू येत होतं. तुझ्या मागं कुणीतरी हसत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं मला!"

तो उभा राहिला होता. कॅनडात राहून गोरा झालेला चेहरा आता अगदी पांढरा पडला होता.

"काढून टाकतो," तो म्हणाला. "ताराला काढतो. आईचंही सगळं काढतो. दुसरं काहीतरी लिहीन."

"खबरदार! आईला हात लावायचा नाही. ती इथं छान आहे. कक्षही राहू दे, माझं खटका ओढणंही राहू दे. ओढला मी. घरी आणलं तिला, तिच्या स्वतःच्या कॉटवर. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मांडीवर गेली. त्याची मला लाज नाही. तुझं वाक्य तेवढं घाल."

"ताई..."

"तुझं वाक्य घाल, सारंग. काय म्हणालास तू मला?"

शलाका उठायला लागली. "मी बाहेर थांबते."

"बस गं. रेकॉर्डिंग चालू आहे ना? चालू राहू दे. हे मामा ऐकणार आहे, काकू ऐकणार आहे. हा गेम बाजारात यायच्या आधी हा स्वतः मिरजेला येऊन त्यांना ऐकवणार आहे. ऐकवशील ना?"

सारंगनं मान हलवली.

"मानेनं नको. बोल."

"ऐकवीन."

"मग म्हण आता ते."

तो रेकॉर्डिंगच्या माइकजवळ वाकला. मग अगदी हळू आवाजात, एखाद्याचं सांत्वन करावं तसा म्हणाला, "ताई, तू ठरव."

"असं नव्हतं म्हणालास."

"हेच म्हणालो होतो."

"शब्द हेच. असे नव्हते. इतकी माया असती त्यात तर मी आज इथं बसले नसते. परत म्हण."

"ताई, तू ठरव ना," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

"रडून नको. तेव्हा तू रडत नव्हतास. तुझं कसलंतरी काम त्या दिवशी द्यायचं होतं. घाई होती तुला. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं, आणि माझं संपायच्या आतच बोललास. परत."

शलाकानं तोंडावर हात ठेवला होता. मला तिची दया आली, पण राग इतका होता की तो मध्ये कुणालाच येऊ देत नव्हता. तीन वर्षं मी शेजारणींच्या नजरा झेलल्या होत्या. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी आले की विषय बदलायचा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी फोनवरचे दोन शब्द होते, जे माझ्याशिवाय फक्त याला माहीत होते.

सारंगनं डोळे पुसले. खिशातून मोबाइल काढला, उगाचच, आणि कानाला लावला. तो लावल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. खांदा वर गेला, नजर कुठेतरी बाजूला, जणू समोर कुणी काहीतरी दाखवतंय आणि त्याला तिकडे बघायचंय.

"हो हो, ऐकलं गं. तू ठरव ना, ताई. तुला जे योग्य वाटेल ते. मी नंतर करतो फोन."

हेच. थेट हेच होतं. मला एकदम कॉरिडॉरमधला फिनाइलचा वास आला.

त्या दिवशी मी 'बरं' म्हणून फोन ठेवला होता आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं होतं, घरी नेते. सारंग आताही तसाच उभा होता, मोबाइल कानाला, माझ्या 'बरं'ची वाट बघत.

"नाही ठरवत," मी म्हणाले. "ऐकू येतंय का तुला? मी एकटी नाही ठरवत. तिची दोन पोरं आहेत. विमान पकड आणि ये. तू येईपर्यंत मी तिच्यापाशी बसते, आणि तू आल्यावर दोघं मिळून ठरवू."

त्यानं कानाचा मोबाइल खाली घेतला नाही. शलाकानं रेकॉर्डिंग थांबवलं नाही. पडद्यावर अर्णव अजून त्या करड्या रंगात पडतच होता.

"येतो, ताई," सारंग म्हणाला. "लगेच निघतो."

आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.